विध्यर्थ

शब्दाला साठ पैसे, अन् सोमवारपर्यंत हवं, बेन,
असं सांगून ध्रुमिलभाईंनी करार पाठवला.
एकोणतीस पानं. वायूंची, टक्क्यांची, पुढच्या सालांची.
दांडिया बाजारातल्या या दुसऱ्या मजल्यावर
पृथ्वीवरची सगळी राष्ट्रं
चष्म्याचं घर जरा बाजूला सारून
टेबलावर दाटीवाटीनं बसली.

पहिल्या तीन कलमांत अडले नाही.
पक्षकार, उत्सर्जन, उद्दिष्ट,
हे शब्द आहेत आपल्याकडे,
जड पितळेचे, सणाला काढून घासलेले.
चौथ्यात अडले.

तिथं इंग्रजीत दोन क्रियापदं उभी होती,
दोन्ही 'श'नं सुरू होणारी, सख्ख्या जावांसारखी.
एक म्हणत होती, करतील.
दुसरी, केलं तर बरं.
ध्रुमिलभाई फोनवर म्हणाले,
बन्ने सरखा ज छे, बेन, आगळ चलावो.

सारखं कसं?
एकतीस वर्षं मी शाळेत हेच शिकवलं:
कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा,
चारही एका 'वा'मध्ये मावतात, तो विध्यर्थ.
फळ्यावर उदाहरणं द्यायची:
चपला बाहेर काढाव्यात.
येताना आहेर आणू नये.
पाणी जपून वापरावे (ही पाटी आमच्याच टाकीखाली आहे,
आणि बारा महिने तिच्यावर तोटी गळते).

'राष्ट्रं पुढाकार घेतील', यात राष्ट्रं पुढं उभी असतात,
क्रियापद त्यांच्या तोंडाकडे बघून बोलतं.
'राष्ट्रांनी पुढाकार घ्यावा',
नुसता एक 'नी' लागला
की कर्ता तृतीयेत सरकतो, मागच्या बाकावर,
आणि क्रियापद फक्त पुढाकाराशी जुळवून घेतं,
त्याचं लिंग, त्याचं वचन.
घेणाऱ्याशी त्याचं काही देणंघेणं राहत नाही.
हे मी मुलांना मार्कांसाठी शिकवलं.
कुणीतरी, कुठल्यातरी शहरात, पहाटे तीन वाजता
सगळे पेंगत असताना
हेच व्याकरण वापरलं असणार.

कपडे आणायला गच्चीवर गेले.
वायव्येला, कोयलीच्या अंगाला, आभाळ तांबूस.
हेरंब असतो तिथं, माझा भाचा, रात्रपाळीला.
दर तासाला किती जळलं ते वहीत लिहितो.
मावशी, तो म्हणतो, ती ज्योत आहे तोवर भ्यायचं नाही,
विझली तर पळायचं.
त्याचा आकडा वडोदऱ्याहून दिल्लीला जातो,
तिथून कुठं, ते त्याला माहीत नाही.
मला वाटतं, माझ्या टेबलावर येतो,
पान सतरा, तक्ता दोन,
इतका गोल होऊन की हेरंबला ओळखू येणार नाही.

आणि विश्वामित्रीचं पाणी आलं होतं
ते साध्या भूतकाळात.
आलं. चढलं. कारेलीबागेत नणंदेच्या मीटरपेटीला टेकलं.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मगर बसली
अर्धा दिवस, 
आणि नणंद वरून तिला म्हणत होती,
जावं आता बाई, जावं.

रविवारी रात्री चौथं कलम पुरं केलं.
जिथं 'करतील' होतं तिथं करतील लिहिलं.
जिथं नव्हतं तिथं बोट कळीवर ठेवून
बराच वेळ बसले.
एक मात्रा, एक अनुस्वार, कोण तपासणार होतं?
मग 'घ्यावा' असंच लिहिलं.
खोटं भाषांतर करून काय थंड होणार आहे?

मोजले: अकरा हजार दोनशे सहा शब्द.
'घेतील'ला साठ पैसे, 'घ्यावा'लाही साठच.
बिल केलं, आणि खाली, सवयीनं:
रक्कम महिनाअखेर पाठवावी.

मार्चच्या बिलाखालीही
हेच वाक्य आहे.